खिंडीतल्या टपरीवरची स्वच्छतागृहं

सरकारी नकाशात मला आजवर काय काय सापडलंय म्हणून सांगू! धरणाच्या पाण्यात बुडालेली अंगणवाडी. कड्यावर अधांतरी लटकणारा बसथांबा. एक गुरांचा दवाखाना तर थेट अरबी समुद्रात, बहुधा देवमाशांसाठी. असं काही सापडलं की मला राग येत नाही. मी चहा टाकते, नवऱ्याला हाक मारते आणि आम्ही दोघं पडद्यासमोर बसून पोट धरून हसतो. पण पवनेच्या वाटेवरच्या खिंडीतल्या स्वच्छतागृहांनी मला जो राग आणला, तो अजून उतरलेला नाही. उतरू नये अशीच माझी इच्छा आहे.

आधी माझा धंदा सांगते. तरुणपणी मी देहूरोडला एका कार्यालयात नकाशे गिरवायचे. ट्रेसिंग पेपर, शाई, पट्टी आणि मान मोडेस्तोवर वाकणं. पुढं कागद गेला, संगणक आला. माझ्याबरोबरच्या बायकांनी सुस्कारा सोडून निवृत्ती घेतली, मी मात्र नव्या खेळण्यावर लहान मुलीसारखी तुटून पडले. आता लोणावळ्यात घरी बसून मी फोनवर चालणारे नकाशे करते. नकाशावर ठिपका असतो, ठिपक्यावर बोट लावलं की तो बोलायला लागतो: इथं दवाखाना आहे, एवढ्या वेळेत उघडा असतो, इथून अमुक इतका लांब आहे. त्यासाठी लागणारी माहिती सरकारी खाती आपल्या संकेतस्थळांवर खुली ठेवतात. कुणीही उतरवून घ्यावी, कुणीही वापरावी, फक्त कुठून घेतली ते सांगावं. मला ही कल्पना इतकी आवडते की पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पेढे वाटले होते. अख्ख्या तालुक्याची माहिती, आणि शिपायाला नमस्कार न करता मिळते!

स्वच्छतागृहांचा नकाशा करायचं डोक्यात आलं ते माझ्या नणंदेमुळं. ती पाहुणी आली होती, म्हणून तिला बेडशाची लेणी दाखवायला नेलं. पायऱ्या चढताना ती हळूहळू गप्प होत गेली. मला वाटलं, शिल्पांनी भारावली. वर पोहोचल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वहिनी, तू एवढे नकाशे करतेस, मग मला आत्ता जिथं जायचंय ते तुझ्या कुठल्या नकाशात आहे?"

कुठल्याच नव्हतं. परतीच्या वाटेवर तिनं माझ्याशी एक अक्षर काढलं नाही. घरात पाऊल टाकल्यावर आधी धावत आत गेली आणि बाहेर येऊन मग भांडली.

दुसऱ्याच दिवशी मी शोधायला बसले आणि मिळालं की! एका खात्यानं, नाव सांगत नाही, पर्यटकांच्या सोयीसाठी आपल्या भागातल्या सगळ्या सार्वजनिक स्वच्छतागृहांची जागेवर जाऊन पाहणी करवली होती आणि ती माहिती खुली ठेवली होती. प्रत्येकापुढं शेरा होता: चालू स्थितीत. मी हातावर टाळी दिली, माझ्याच. माहिती उतरवली, नकाशावर ओतली आणि मोठ्या कौतुकानं बघत बसले.

लोणावळ्यात काही ठिपके पडले, ठीक. पवन मावळात मात्र सगळीकडं शुकशुकाट. लेण्यांखाली नाही, धरणाच्या भिंतीपाशी नाही, पवनानगरात नाही. आणि लोणावळ्याहून पवनानगरकडे जाताना जी खिंड लागते, तिथल्या एका वळणावर ठिपक्यांचा हा एवढा घोस! बोट लावलं की फुलासारखा उमलायचा. एकावर एक, एकावर एक, सगळी स्वच्छतागृहं त्याच वळणावर. मी चष्मा पुसला. नवरा म्हणाला, "तिथं सरकारनं बहुतेक संडासांचं संमेलन भरवलंय." म्हटलं, मग जायलाच पाहिजे. अध्यक्ष कोण आहे तेही बघून येऊ.

दिवस पावसाळ्याचे होते. स्टँडवरून जीप धरली. खिंडीत उतरले तेव्हा धुकं असं की स्वतःची चप्पल दिसेना. थोडं चाचपडत पुढं गेले, तर निळ्या ताडपत्रीची एक टपरी लागली. चुलीवर किटली, बाजूला कणसं भाजायची शेगडी आणि तिच्यामागं डोक्यावरून ओढणी घट्ट बांधलेली एक बाई. खोऱ्यातली सगळी माणसं तिला भाभी म्हणतात, हे मला पुढच्या मिनिटभरात कळलं, कारण धुक्यातून चारी बाजूंनी "भाभी, एक कटिंग", "भाभी, माचिस" असे आवाज येत होते.

मी हातातला फोन समोर धरून विचारलं, "भाभी, इथं स्वच्छतागृह कुठं आहे हो?"

तिनं कणसावरचा हात थांबवला. "आल्या. आनखी एक आल्या." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "ताई, तुमी तर शिकलेल्या दिसताय. हितं काय दिसतंय तुमाला?"

"धुकं."

"आन् धुक्यात?"

"तुम्ही."

"मग झालं की! बसा. च्या घ्या. भिजलाय."

मी बसले. तिनं सांगितलं की तो पावसाळा लागल्यापासून लोक फोन समोर धरून तिच्या टपरीत घुसत होते. खात्यानं पर्यटकांसाठी स्वतःचं अ‍ॅप काढलं होतं आणि त्यातही हाच घोस होता. एक उंच गडी तर सरळ ताडपत्री उचलून मागं गेला. मागं तिच्या जळणाचा ढीग. बाहेर येऊन तिलाच म्हणाला, "आंटी, मॅप में तो यहीं है, आप ज़रा हटिए."

"मी म्हनलं, दादा, मी हटले तर खाली दरी हाय. जातूस का?"

आजूबाजूची माणसं हसली. मीही हसले. मग ती म्हणाली, "हसा, हसा. मला बी लय हसू आलं. पर आता न्हाई येत. मागल्या आटवड्यात अतिक्रमनाचे पथकवाले आलते. म्हनले, सरकारी संडासावर टपरी टाकलीया तुमी. मी म्हनलं, साहेब, कुटाय संडास? म्हनले, तुमच्या टपरीखाली."

"टपरीखाली?"

"व्हय. जमिनीत. पेरलाय जनू." तिनं किटली उतरवली. "पाऊस हाय तवरच जागा मोकळी करा म्हनले. सासूनं टाकलेली टपरी हाय ही. तिच्या मागं मी बसतीया. पाऊस गेल्यावर हितं कोन कुत्रं येतंय च्या प्यायला? घरधनी जीप चालवतो, ती निम्मी दुरुस्तीतच. ह्या चार म्हयन्यांत चूल पेटती म्हनून बाकीच्या आठात घरची पेटती."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी आले होते गंमत बघायला. गंमत अशी होती की ज्या माहितीचे मी पेढे वाटले होते, त्याच माहितीच्या जोरावर खातं एका बाईची टपरी उठवायला निघालं होतं.

आता हे घडलं कसं, ते सांगते. पवनेकाठच्या वाड्यांमध्ये पावसाळ्यात मोबाइलची रेंज येते-जाते असं म्हणतात. मी म्हणेन, जाते-जाते. खात्रीची रेंज मिळते ती वर खिंडीत, भाभीच्या टपरीपुढच्या दोन-चार ढांगांत. त्यामुळं ज्याला फोन करायचाय तो जीप धरून वर येतो. टपरीपुढं उभं राहून या खोऱ्यानं लग्नं जमवलीत, मोडलीत, म्हशी विकल्यात, जावयांची खरडपट्टी काढलीय. खासगी काही नाहीच. मी बसले होते तेव्हाही एक आबा फोनमध्ये ओरडत होते, "पोरगी बघायला येताय का न्हाई तेवडं सांगा! हितनं पुढं माझी रेंज न्हाई आन् पोरीला दम न्हाई!"

भाभी म्हणाली, "आबा, हळू. धरणातलं मासं वर आलं ऐकायला."

आणि दुसरी गोष्ट म्हणजे तिची रीत. भिजलेला माणूस आला की त्याला आधी चुलीपाशी बसवायचं, हातात कप द्यायचा आणि मग कोण, कुठला, कशाला आला ते विचारायचं. मावळातल्या पावसात ही रीत नसती तर निम्मे लोक टिकलेच नसते.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात असाच एक पाहणीवाला आला होता. ठेकेदाराचा माणूस, मोटारसायकलवर, वयानं पोक्त, अंगावर फाटका रेनकोट. भाभीनं त्याची नक्कल करून दाखवली. गारठलेली बोटं, दातावर दात आणि फोन पोटाशी धरलेला, जसं काही कोंबडीचं पिल्लू. तो बिचारा खाली गावागावांत फिरला होता. पण त्याच्या पाहणीच्या अ‍ॅपचा नियम असा की रेंज असेल तरच नोंद घेणार. खाली रेंज नाही. मग तो प्रत्येक फेरीनंतर खिंडीत यायचा, चुलीपाशी बसायचा आणि आठवून आठवून भरायचा.

"म्हनायचा, लेण्याखालचं एक. आन् बटन दाबायचा. धरनाच्या भिंतीपाशीचं एक. बटन. शाळंमागचं एक. बटन. मी म्हनायची, भाऊ, आनखी दोन भजी घ्या. मला काय ठावं, भजी खाऊन माझ्याच टपरीत समदं संडास बांधून चाललाय!"

फोनला शाळा कळत नाही आणि लेणीही कळत नाहीत. बटन दाबलं की फोन स्वतः त्या क्षणी कुठं आहे, एवढंच तो लिहून ठेवतो. फोन होता भाभीच्या चुलीपाशी. म्हणून लेण्याखालचं, धरणाजवळचं, शाळेमागचं, सगळं येऊन बसलं भाभीच्या चुलीपाशी. त्यातली किती खरोखर उभी होती आणि किती नुसती ऐकीव, देव जाणे.

त्या माणसावर मला राग नाही. त्याला असं अ‍ॅप देऊन असल्या खोऱ्यात ज्यांनी धाडलं, त्यांचा आहे. आणि त्याहून अधिक राग आहे तो कोरड्या खुर्चीत बसून ही माहिती मंजूर करणाऱ्यांचा. ती मंजूर करताना एकानंही, एकानंही, ती नकाशावर टाकून पाहिली नव्हती. पाहिली असती तर एका वळणावर एवढी स्वच्छतागृहं बघून कुणीतरी निदान शिंकलं असतं. मी घरात बसून, नवऱ्याला चिवडा देता देता जे पाहिलं, ते पगार घेऊन कुणाला दिसलं नाही.

मी लॅपटॉप काखेत मारून त्या खात्याच्या कार्यालयात गेले. साहेब सभ्य होते. माझ्यापेक्षा थोडे लहान, केस व्यवस्थित, टेबलावर काच, काचेखाली देवाचा फोटो. मी त्यांना घोस उमलवून दाखवला.

"साहेब, ही सगळी एकाच जागी आहेत."

"हो, दिसतंय."

"एवढी स्वच्छतागृहं एका टपरीएवढ्या जागेत मावतील कशी? एकावर एक माळे चढवलेत का?"

"मॅडम, ते तांत्रिक आहे."

"तांत्रिक काय त्यात? तिथं स्वच्छतागृह नाहीच. मी जाऊन आले. तिथं भाभी आहे."

साहेबांचा चेहरा उजळला. "तेच तर! तिथं टपरी आहे, म्हणजे अतिक्रमण आहे. आमच्या सिस्टीममध्ये ती जागा स्वच्छतागृहाची आहे."

"सिस्टीम चुकलीय."

"माहिती मंजूर झालीय मॅडम. आता बदलायची तर फेरपाहणी लागेल."

"मग करा ना फेरपाहणी."

"करू. पण जागा मोकळी झाल्याशिवाय पाहणी कशी करणार? टपरी मध्ये आहे."

मी दोन्ही हात जोडले, कपाळाला लावले आणि तशीच क्षणभर उभी राहिले. त्यांना वाटलं मी निरोप घेतेय. मी खरं तर तोंडातून शिवी जाऊ नये म्हणून हात आडवे धरले होते. म्हणजे बघा, भाभीची टपरी तिथं चुकून सांगितलेल्या संडासामुळं उठवायची, आणि संडास चुकून सांगितलाय की नाही हे टपरी उठवल्यावर तपासायचं! जिन्यावरून उतरताना मी हा युक्तिवाद मोठ्यानं म्हणून पाहिला. समोरून येणारा एक माणूस कडेला सरकून उभा राहिला.

घरी आल्यावर मी ठरवलं, भांडायचं तर आपल्या हत्यारानं. मी माझा नकाशा लोकांसाठी खुला केला. त्यात खात्याची माहिती जशीच्या तशी ठेवली, एक ठिपकाही हलवला नाही. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: खात्याच्या खुल्या माहितीनुसार. आणि प्रत्येक ठिपक्याखाली दोन बटनं दिली: 'आहे' आणि 'नाही'. ठिपक्याच्या जागेवर उभं असाल तरच ती दाबता येतील, अशी सोय केली. 'नाही' जास्त झाले की ठिपका लाल.

मग एक सबंध दिवस मी भाभीच्या टपरीत बाकड्यावर ठाण मांडलं. फोन करायला येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचं, "बोलून झालं? आता जरा हे दाबा." भाभीचा नवरा जीप घेऊन आला की आतली माणसं खिडकीतून हात काढून विचारायची, "ताई, आमी बी दाबू का?" ते मुलगीवाले आबा तर इतके रंगात आले की त्यांनी सगळ्या ठिपक्यांना 'नाही' दाबून झाल्यावर विचारलं, "आनखी कशाला न्हाई म्हनायचंय? आमच्या सरपंचाला बी टाका की ह्यात."

त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट दिसली. दिवसभर भाभीनं शेकडो कप चहा ओतला असेल, पण स्वतः एक घोटही घेतला नाही. हंड्यातून पाणी काढायची, किटलीत टाकायची, ओंजळीनं तोंडावर मारायची. प्यायची नाही. दुपारी मी विचारलं, "भाभी, तुम्ही चहा नाही घेत?"

"घेते की. घरी गेल्याव."

"आणि पाणी?"

"घरी गेल्याव." ती कणीस फिरवत राहिली. "तुमी बी लय पिऊ नका ताई. लोनावळ्यापातूर काय बी न्हाई. पुरुष मानसाचं काय, त्येला समदा डोंगर हाय. माझ्या सासूला मुतखडा झालता ह्याच बाकड्यावर बसून बसून."

मी हातातला तिसरा कप खाली ठेवला. सरकारदरबारी ही बाई पवन मावळातल्या तमाम संडासांवर बसली होती, आणि तिला सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी प्यायची चोरी होती. त्या रागाला मी आजही शब्द शोधतेय.

नकाशा फिरला. कुणीतरी त्याचं चित्र गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलं, तिथून ते लोणावळ्यात आलं. भोंडल्यासारखे फेर धरलेले लाल ठिपके आणि मध्ये भाभीची टपरी. साहेबांचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही खात्याची बदनामी करताय."

"साहेब, माहिती तुमचीच आहे. मी फक्त रंग दिला."

"ते लाल काढा."

"जागा मोकळी झाल्याशिवाय कसं काढणार? फेरपाहणी लागेल."

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली, हे कबूल करते. पण आनंद टिकला नाही. भाभीच्या नवऱ्यानं खाली स्टँडवरून निरोप धाडला: पथक येतंय, साहेब स्वतः येतायत. मी मिळेल ती पहिली जीप पकडली.

पोहोचले तेव्हा पाऊस आडवा येत होता. भाभी टपरीत होती. ताडपत्रीच्या दोऱ्या तिनं दुहेरी बांधल्या होत्या. तिचा नवरा खांबाला टेकून उभा, हात छातीशी. फोन करायला आलेली माणसं फोन खिशात घालून तिथंच थांबली होती. थोड्या वेळानं धुक्यातून पथकाची गाडी आली. चार माणसं उतरली, मागून साहेब, आणि टपरीवाली बाई आहे म्हणून सोबत आणलेली एक महिला पोलीस. रस्ता कुठंतरी खचला होता, त्यामुळं सगळ्यांना भर पावसात उतरून गाडी ढकलावी लागली होती. साहेबांचे व्यवस्थित केस कपाळावर चिकटले होते. ओठ निळे.

साहेबांनी घसा खाकरला. "हे बघा, आम्हाला कारवाई..."

"आधी बसा," भाभी म्हणाली.

"नाही, बसायला नाही आलो. आम्हाला..."

"साहेब, भिजलाय. चुलीपाशी बसा. कारवाई काय पळून चाललीया का?"

आणि साहेब बसले! मी डोळ्यांनी पाहिलं. चुलीकडं तळवे धरून बसले. पथकातली माणसंही बसली. सगळ्यांच्या हातात कप गेले. जी चूल विझवायला आले होते तिच्यावरच शेकत होते, आणि भाभी विचारत होती, "साकर बास का?"

महिला पोलिसानं मात्र कप घेतला नाही. ती उभीच राहिली. मग भाभीजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाली, "मावशी, सकाळी पुण्याकडून निघालेय. इथं जवळपास कुठं..."

हा क्षण माझ्यासाठी देवानं पाठवला होता. मी तो कसा सोडू? मी बाकड्यावरून उठले आणि सभेत बोलावं तसं म्हणाले, "बाई, लाजू नका! तुम्ही अगदी योग्य जागी आलात. साहेबांच्या अ‍ॅपवर बघा, इथं भरपूर आहेत. साहेब, दाखवा ना यांना. इथं रेंज फार छान आहे."

सगळे साहेबांकडं बघायला लागले. साहेबांनी नाइलाजानं फोन काढला, ओला अंगठा पँटला पुसला, अ‍ॅप उघडलं. आणि त्या अ‍ॅपनं, खात्यानं मोठ्या हौसेनं घातलेल्या बाईच्या गोड आवाजात, चुलीपाशी सांगितलं: "आपण स्वच्छतागृहाच्या ठिकाणी पोहोचला आहात."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पथकातल्या एकानं तोंडावर रुमाल धरला. महिला पोलीस हसली नाही. ती साहेबांकडं नुसती बघत राहिली. मी आयुष्यात बरेच रागीट चेहरे पाहिलेत, त्यात माझाही आरशातला आला, पण तसा चेहरा पाहिला नाही. साहेबांनी मान खाली घातली.

भाभीनं कढई उतरवली, हात पुसले आणि कोपऱ्यातली जुनी ताडपत्री उचलली. "या बाई. ताई, तुमी दुसरं टोक धरा." आम्ही तिघी टपरीमागं गेलो. जळणाच्या ढिगापलीकडं, दरीच्या अलीकडं, भाभी एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं ताडपत्री धरून पाठ फिरवून उभ्या राहिलो. वारा ताडपत्री हिसकत होता. पवन मावळातलं ते एकमेव चालू स्थितीतलं सार्वजनिक स्वच्छतागृह होतं, आणि त्याची एक भिंत मी होते.

परत आलो तेव्हा महिला पोलीस साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "सर, पाहणी झाली," एवढंच म्हणाली.

साहेबांनी कप खाली ठेवला. उठून टपरीभोवती एक चक्कर मारली, वाकून बाकड्याखालीही पाहिलं, का ते त्यांनाच ठाऊक. मग फोन समोर धरून फोटो काढला. फोटोत भाभी किटली घेऊन उभी होती. नोंद त्यांनी स्वतः मोठ्यानं वाचून दाखवली, सगळ्यांनी ऐकावं म्हणून की स्वतःची खात्री पटावी म्हणून, माहीत नाही: "जागेवर चहाची टपरी. स्वच्छतागृह आढळले नाही. कारवाई रद्द." आणि बटन दाबलं. रेंज होती. नोंद लगेच गेली.

भाभीचा नवरा खांबापासून सरळ झाला. त्यानं ताडपत्रीची एक सैल दोरी घट्ट केली.

पुढच्या महिन्यात मी खात्याची नवी माहिती उतरवली आणि थक्क झाले. दुरुस्ती झाली होती. कशी? खिंडीतला सगळा घोस उडवून टाकला होता. लेण्यांखालचं, धरणाजवळचं, शाळेमागचं कुठं आहे हे शोधून योग्य जागी ठेवायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. खाली एखादं खरंखुरं उभं असेल तर तेही गेलं. लोणावळ्याची हद्द ओलांडली की नकाशा स्वच्छ, कोरा. मला फोनवरून अभिनंदनही कळवण्यात आलं: "मॅडम, तुमच्या सूचनेमुळं माहिती शुद्ध झाली."

मी हे सांगायला खिंडीत गेले. मी हातवारे करत, साहेबांचा आवाज काढत सगळं सांगितलं. "भाभी, आता सरकारच्या नकाशात अख्ख्या पवन मावळात एकसुद्धा स्वच्छतागृह नाही!"

भाभीनं कणसाला मीठ-लिंबू चोळलं. "मंजी आता बराबर झालं की वो."

तिनं माझ्यासमोर चहाचा कप ठेवला, वाफाळता, आल्याचा. मी म्हटलं, "टपरी वाचली. आज तरी माझ्याबरोबर एक कप घ्या."

"घेते की," ती म्हणाली. "घरी गेल्याव."

मी कपाकडं बघितलं, मग घाटाच्या रस्त्याकडं. लोणावळा अजून बरंच लांब होतं. कप तसाच मागं सारला.